घाट उतरला की निमाड

आपल्या घरांत नळ सुरू झाला की आपण "पाणी आले" म्हणत नाही, "नर्मदा आली" म्हणतो. बोअरचे पाणी वेगळे, टँकरचे वेगळे आणि नर्मदा वेगळी. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना याची फार गंमत वाटते. एवढी मोठी नदी सुदामा नगरच्या गल्लीत एक दिवसाआड येते कशी, असे ते विचारतात आणि आपण हसून विषय बदलतो, कारण नेमके उत्तर आपल्यापैकी पुष्कळांना देता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मंडळातली काही कुटुंबे मिळून आम्ही महूमार्गे जाम घाट उतरून मंडलेश्वरला गेलो. घाटाच्या माथ्यावर अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला जाम दरवाजा आहे. तिथे गाड्या थांबल्या, डबे उघडले, आणि एका लहान मुलाने विचारले, "विंध्य पर्वत कधी लागणार?" त्याच्या आजोबांनी खाली बोट दाखवले. त्याला काही ते पटेना. डोंगर चढावा लागतो एवढे त्याला ठाऊक होते, आणि आपण तर इंदूरहून सपाटीवरूनच आलो होतो.

त्या दिवशी आमच्या लक्षात आले की आपल्या मुलांना पुणे ठाऊक आहे, बंगळूर ठाऊक आहे, पण घरापासून दोन तासांवरचा निमाड ठाऊक नाही. आणि आपल्या मंडळात अशी पुष्कळ घरे आहेत जी महाराष्ट्रातून थेट इंदूरला आलेली नाहीत. मधल्या दोन-चार पिढ्या महेश्वर, मंडलेश्वर, खरगोण, सनावद, बडवानी इथे गेल्या. आजही लग्नकार्यात 'महेश्वरवाले', 'खरगोणवाले' अशी ओळख निघते. म्हणून हा लेख.

डोंगर कुठे आहे?

त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. विंध्य हा आपल्या बाजूने डोंगर नाहीच. तो माळव्याच्या पठाराची तुटलेली कड आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. महू त्याहून थोडे उंच, आणि कडेवरचे जानापाव शिखर आठशे मीटरांहून उंच. तिथून दक्षिणेला जमीन एकदम खाली जाते. खाली महेश्वर-मंडलेश्वरला नर्मदेचा काठ सुमारे दीडशे मीटरवर आहे. म्हणजे इंदूर आणि नर्मदा यांच्यात चारशे मीटरांचा फरक, आणि त्यातला बहुतेक फरक घाटाच्या त्या काही वळणांतच संपतो. खालून, म्हणजे निमाडातून पाहिले तर मात्र विंध्य खरोखर पर्वतासारखा, भिंतीसारखा उभा दिसतो. निमाडातल्या माणसाच्या लेखी आपण 'वरचे' आहोत ते याच अर्थाने.

नर्मदेच्या पलीकडे, दक्षिणेला, सातपुडा. या दोन रांगांच्या मधली लांबट दरी म्हणजे निमाड. आज तिचे खरगोण, बडवानी, खंडवा असे जिल्हे आहेत. धार जिल्ह्याचा मनावर-कुक्षी-धरमपुरीकडचा भागही भूगोलाने निमाडच. बऱ्हाणपूर २००३ पर्यंत खंडव्यातच होते, पण ते तापीच्या खोऱ्यातले. खरगोण-बडवानी हा 'पश्चिम निमाड' १९९८ साली विभागला गेला. जुन्या मंडळींच्या तोंडी अजून पूर्व निमाड, पश्चिम निमाड हेच शब्द असतात.

ही दरी नदीने कोरलेली नाही, ही गोष्ट शाळेत आपल्याला कोणी नीट सांगितली नाही. भूगर्भात समांतर भेगा पडून मधली जमीन खाली खचली आणि त्या खचलेल्या पट्ट्यातून नर्मदा वाहू लागली. म्हणून गोदावरी, कृष्णा पूर्वेकडे जातात तशी ती जात नाही. अमरकंटकहून निघून १,३१२ किलोमीटर चालून ती पश्चिमेला खंभातच्या आखातात उतरते. दोन्ही बाजूंचा काळा दगड मात्र आपल्या सह्याद्रीचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. महेश्वरजवळ सहस्रधारेला नदीच्या पात्रात या दगडाच्या उभ्या भिंती आडव्या आल्या आहेत, त्यांतून पाणी शेकडो धारांनी फुटून निघते. त्याहूनही जुनी गोष्ट धार जिल्ह्यातल्या बाग-मनावरच्या बाजूला सापडते. तिथल्या चुनखडीत शिंपल्यांचे आणि समुद्री जिवांचे अवशेष आहेत, कारण एके काळी समुद्राचा एक फाटा इथवर आत आला होता. त्याच भागातल्या एका गावात शेताची राखण करणारा देव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले दगडी गोळे डायनोसॉरची अंडी निघाले, ही बातमी २०२३ मध्ये आपण सर्वांनी वाचली असेल. देव तोच राहिला, वय फक्त वाढले!

हवेतला फरक घाट उतरतानाच कळतो. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही निवतात, म्हणून त्यांचे कौतुक. निमाडात तसे नाही. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये तापलेला काळा दगड. मे महिन्यात खरगोणचे तापमान राज्यातल्या सर्वांत वरच्या आकड्यांत असते. पाऊसही वरच्यापेक्षा कमी. म्हणून माळव्यात गहू, सोयाबीन, तर निमाडात कापूस, ज्वारी, मिरची. बेडियाची मिरची मंडी ज्यांनी हंगामात पाहिली आहे त्यांना लाल रंगाचा वेगळा अर्थ सांगायला नको (ठसका लागतो तो वेगळाच). जेवणही त्याप्रमाणे बदलते. माळव्यात बाटी-बाफले, निमाडात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. त्याला ते 'अमाडी' म्हणतात. विदर्भ-खानदेशातून आलेल्या आपल्या आज्यांना हे ताट अनोळखी वाटले नसणार.

पाण्याचे दोन रस्ते

जानापाववर उभे राहिले की एक गंमत समजते. तिथून चंबळ निघते आणि उत्तरेला जाते. तिथूनच जवळून चोरल निघते आणि दक्षिणेला नर्मदेला मिळते. चंबळेचे पाणी यमुनेत, यमुनेचे गंगेत, गंगेचे बंगालच्या उपसागरात. चोरलीचे पाणी नर्मदेतून अरबी समुद्रात. माळव्याचे पठार उत्तरेकडे कललेले आहे. त्यामुळे नर्मदेपासून अगदी जवळ पडलेला पाऊसही तिच्याकडे पाठ फिरवून उत्तरेला निघून जातो. आपली कान्ह आणि सरस्वती याच उत्तरेकडच्या बाजूच्या. त्या क्षिप्रेला मिळतात आणि क्षिप्रा चंबळेला.

इंदूरचे शहर म्हणून दुखणे यातच आहे. आपण जलविभाजकाच्या वरच्या टोकाला बसलो आहोत. इथे नद्या सुरू होतात, भरत नाहीत. होळकरांच्या काळात बिलावली, पिपल्यापाला, सिरपूर यांसारख्या तलावांवर आणि विहिरींवर भागले. १९३०च्या दशकात गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला. पण कापड गिरण्यांबरोबर शहर वाढले आणि पाणी पुरेना. १९७० साली इंदूरच्या लोकांनी, त्यातही विद्यार्थ्यांनी, नर्मदा हवी म्हणून आंदोलन केले. आज सत्तरीत असलेल्या आपल्या सदस्यांपैकी काही जण त्या मोर्चांत होते. घोषणा देऊन आवाज बसल्याचे ते अजून सांगतात. १९७८ साली पहिल्या टप्प्याचे पाणी शहरात पोहोचले. पुढे आणखी दोन टप्पे झाले.

हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूद इथून उचलले जाते. तिथून सुमारे सत्तर किलोमीटर नळ, आणि मध्ये तो चारशे मीटरांचा चढ. पाणी आपोआप वर येत नाही. पंपांनी टप्प्याटप्प्याने घाटावर ढकलावे लागते. म्हणून वीज गेली, पंप थांबला किंवा जलवाहिनी फुटली की दुसऱ्या दिवशी सुदामा नगरच्या टाक्या कोरड्या. यासाठीचे वीजबिल दरमहा कोट्यवधी रुपयांचे असते. ते कमी व्हावे म्हणून नगर निगमने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित रोखे काढले आणि जलूदलाच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला.

आता या पाण्याचा पुढचा प्रवास पाहा. अरबी समुद्राकडे निघालेले पाणी आपण जलूदला अडवून वर आणतो, त्यात वरण शिजवतो, अंगण धुतो, आणि ते कान्हच्या नाल्यातून क्षिप्रेला, तिथून चंबळेला, यमुनेला, गंगेला पाठवतो. आपल्या मोरीत ओतलेली बादली बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. नर्मदा-क्षिप्रा जोडणीचे पाणी २०१४ साली उज्जैनकडे सुटले त्याचा केवढा गाजावाजा झाला होता! आपण तेच काम १९७८ पासून घरोघरी करत आहोत, फक्त धुण्याच्या साबणासकट. कान्हची आज जी अवस्था आहे, त्यात हा हिशेबही धरायला हवा असे आम्हांला वाटते.

खुद्द निमाडात मात्र नर्मदा शतकानुशतके शेताला मिळाली नाही. नदीचे पात्र खोल आणि दोन्ही काठ उंच. महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्या मोजा म्हणजे कळेल. नदी डोळ्यांसमोर, पण तिचे पाणी वर शेतात आणायला साधन नाही. शेती चालायची ती विहिरींवर, मोटांवर आणि कुंदा, वेदा अशा सातपुड्यातून येणाऱ्या उपनद्यांवर. वीज आली, मग काठावरचे पंप आले, अलीकडे इंदिरा सागर आणि ओंकारेश्वरचे कालवे आले, तेव्हा चित्र बदलले.

कोण, कुठे आणि का राहिले

महेश्वरच्या घाटावर उभे राहून समोर पाहिले की पलीकडच्या काठावर नावडातोडी दिसते. १९५२ पासून पुढच्या काही वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी इथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले: गोल आणि चौकोनी झोपड्या, रंगवलेली मडकी, गहू, पुढे तांदूळ, मसूर, मूग, जवस. म्हणजे अहिल्याबाईंच्या आधी तीन हजारांहून अधिक वर्षे लोकांनी हीच जागा निवडली होती. कारण साधे आहे. इथे नदी उथळ खडकांतून जाते, उतार मिळतो, आणि उत्तर-दक्षिण जाणारी वाट इथेच नदी ओलांडते.

निमाडची वस्ती समजून घ्यायची तर आम्हांला तिचे तीन थर दिसतात. नदीचा काठ, मधला सपाट पट्टा, आणि डोंगराचा उतार.

डोंगरउतारावर भिल्ल, भिलाला, बारेला. त्यांचे गाव आपल्या कल्पनेतल्या गावासारखे नसते. घरे एकमेकांना चिकटून नाहीत, प्रत्येक घर आपापल्या शेतात, टेकाडावर. अशा दहा-पंधरा घरांची एक फळी, आणि अशा कितीतरी फळ्या मिळून गाव. पाटी वाचून आत गेलो तरी 'गाव कुठे आहे' हा प्रश्न पडतो. पुन्हा तोच, डोंगर कुठे आहे विचारणाऱ्या मुलासारखा. जमीन पातळ, मुरमाड, पाणी थोडे थोडे विखुरलेले. तिथे घरेही विखुरलेलीच राहणार.

मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात दाट वस्तीची गावे. पाटीदार, गुजर, कुणबी, यादव, राजपूत, भिलाले. त्यांतले कोणी गुजरातेतून आले, कोणी राजस्थानातून. बोली निमाडी. तिच्यात गुजरातीसारखे 'छे' ऐकू येते, आणि आजीला 'आजी माय' म्हणतात, हे ऐकून आपल्या मंडळींना हटकून आनंद होतो. सोळाव्या शतकातले संत सिंगाजी हे या बोलीचे सर्वांत मोठे नाव. गुराखी, भजनकार. आजही निमाडात गाई-म्हशींच्या सुखरूपतेसाठी सिंगाजींना नवस बोलतात. चैत्रात गणगौर. ती राजस्थानातही आहे, पण निमाडातली गणगौर म्हणजे मुलीचे माहेरपण. आपल्या चैत्रगौरीशी तिचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

काठावर केवट-कहार. नाव चालवणे, मासेमारी, आणि उन्हाळ्यात पात्र आटले की वाळूवर टरबूज-खरबुजांचे वाडे. ही शेती सातबाऱ्यावर कधी नसते. नदी जितकी जागा सोडेल तितकी.

आणि आपण? मराठी माणूस निमाडात आला तो याच काठाने आणि परगण्याच्या गावांत, खेड्यात नाही. बाजीराव पेशव्यांना १७४० मध्ये नासिरजंगाशी झालेल्या तहात हंडिया आणि खरगोण हे निमाडचे मुलूख जहागीर म्हणून मिळाले होते. त्यांची व्यवस्था लावायला ते आले आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या दक्षिण काठावर रावेरखेडी इथे वारले. त्यांची समाधी तिथेच आहे. सनावदहून तिकडे फाटा जातो. इंदूरकर मराठी माणसाने शनिवारवाडा चार वेळा पाहिलेला असतो, रावेरखेडी एकदाही नाही. हे आम्ही स्वतःलाही सांगतो आहोत, कारण त्या सहलीत आम्हीही वेळेअभावी तिकडे गेलो नाही.

नंतर होळकरांची व्यवस्था बसली. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य पाहिले. राजधानी इंदूर का नाही, महेश्वर का, यावर धार्मिक उत्तर नेहमी दिले जाते. आमच्या मते भूगोलाचे उत्तरही तितकेच खरे आहे. माळवा आणि दख्खन यांच्या मधल्या वाटेवर, नदीच्या उतारावर, मागे विंध्याची भिंत असलेली जागा राज्यकर्त्याला सोयीची होतीच. तिथे विणकर आणून वसवले गेले. महेश्वरी साडी त्यातून आली. किल्ल्याच्या भिंतींवरची, घाटाच्या दगडांवरची नक्षी साडीच्या काठात उतरली असे तिथले विणकर दाखवतात.

घाटांतून जाणाऱ्या वाटसरूंना भिल्लांची भीती असे. अहिल्याबाईंनी त्यांना घाटातून जाणाऱ्या मालावर एक लहानशी पट्टी घेण्याचा जुना हक्क मान्य केला, 'भील-कवडी', आणि बदल्यात वाट सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. पुढे इंग्रजी अमलात हे संबंध बिघडले. १८५७ च्या सुमारास सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक आणि भीमा नाईक उभे राहिले, त्यानंतर टंट्या भील. पाताळपाणीला टंट्यामामाचे स्थान आहे, तिथून जाणारा माणूस अजून हात जोडतो.

परगण्याचा कारभार कमाविसदार पाही. त्याच्या हाताखाली फडणीस, पोतनीस, कारकून. हे बहुतेक मराठी. गावाकडचे वंशपरंपरागत अधिकार मात्र स्थानिकांकडेच, मंडलोई आणि कानूनगो. आपल्याकडचे देशमुख-देशपांडे समजा. शिवाय देवळांचे पुजारी, अन्नछत्रांचे व्यवस्थापक, घाटावरचे भिक्षुक, शिलेदार, धनगर. म्हणून निमाडातली मराठी वस्ती ठिपक्याठिपक्यांची आहे. नदीकाठच्या आणि तहसिलीच्या गावात दहा-वीस घरांची गल्ली, त्यात एक दत्ताचे किंवा रामाचे देऊळ, आणि गाव सोडून दोन कोस गेले की मराठी शब्द ऐकू येणार नाही. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली तेव्हा यातला एक भाग वर आला. बाकीचे खाली राहिले, ते पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हळूहळू आले. कोणी १८९१ साली सुरू झालेल्या होळकर कॉलेजात शिकायला, कोणी संस्थाने विलीन झाल्यावर नव्या सरकारच्या नोकरीत, कोणी मुलींच्या शिक्षणासाठी. सुदामा नगरात सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्लॉट घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ते खालचा वाटा विकून घेतले, असे आपल्याच ज्येष्ठांकडून आम्ही ऐकले आहे. म्हणजे पाण्याच्या आधी माणसे वर चढली.

वर यायच्या वाटा

इंदूरहून खाली जायला मुख्य तीन वाटा. आग्रा-मुंबई रस्ता मानपूरहून घाट उतरून खलघाटला नर्मदा ओलांडतो आणि सेंधव्याहून सातपुडा चढून महाराष्ट्रात जातो. मधला जाम घाट. आणि पूर्वेचा सिमरोल-भेरूघाट-बडवाह-मोरटक्का रस्ता, जो सनावदमार्गे खंडव्याला पोचतो.

चौथी वाट रेल्वेची होती. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, तेही १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले आणि खंडवा-इंदूर मीटरगेज लाइन त्या दशकात उभी राहिली. पाताळपाणी ते कालाकुंड हा तिचा घाट. चाळीस फुटांना एक फूट चढ, बोगदे, वळणावळणाचे पूल, आणि खाली कालाकुंडला पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद. जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने खंडवा, अकोला करत दक्षिणेला जाई. विदर्भात सोयरिक असलेल्या आपल्या घरांसाठी ती नुसती गाडी नव्हती. मुलीच्या पाठवणीची आणि दिवाळीच्या फराळाची ती लाइन होती. आता मीटरगेज गेली. महू-ओंकारेश्वर रोड गाडी २०२३ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. ब्रॉडगेजला एवढा तीव्र चढ चालत नाही, म्हणून घाटात नवी, लांब फेऱ्याची वाट काढली जात आहे. जुन्या घाटात २०१८ पासून पाताळपाणी-कालाकुंड अशी पर्यटनाची गाडी चालते. मुलांना जरूर न्या, मात्र ती खाली निमाडात पोचत नाही, हेही त्यांना सांगा.

पाण्याखाली गेलेले

निमाडबद्दल लिहिताना हा भाग टाळता येत नाही. २००४ च्या जून अखेरीस हरसूद रिकामे झाले. इंदिरा सागरच्या पाण्यात बुडालेले हे सातशे वर्षांचे म्हणून ओळखले जाणारे गाव. लोकांनी स्वतःच्या हातांनी घरे पाडून विटा, चौकटी ट्रॉलीत भरून नेल्या. २००७ मध्ये ओंकारेश्वरचे धरण झाले. सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच पूर्ण भरले, तेव्हा बडवानीजवळचा राजघाट, समोरचे चिखलदा, निसरपूर यांत पाणी शिरले. परिक्रमावासीयांचे जुने मुक्काम, घाट, धर्मशाळा त्यात गेल्या. दरवर्षी महाराष्ट्रातून येणारे परिक्रमावासी आता काठाने चालतच नाहीत, पाणलोटाला वळसा घालून डांबरी रस्त्याने चालतात.

महेश्वरचे चौथे धरण जलूद-मंडलेश्वरजवळ, म्हणजे आपल्या पंपांच्या शेजारीच. खाजगी भांडवलाचा ४०० मेगावॉटचा प्रकल्प. १९९८ च्या जानेवारीत हजारो निमाडी शेतकरी, त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने, बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले. पुढची वीस वर्षे काम अडखळत राहिले आणि २०२० मध्ये राज्य सरकारने वीजखरेदीचा करार रद्द केला. भिंत उभी आहे, दरवाजे आहेत, वीज नाही. ते धरण भरले असते तर रावेरखेडीच्या समाधीलाही पाण्याचा धोका होता.

इंदूरला पाणी आणि वीज दोन्ही हवीत, आणि या दोन्हींसाठी आपण निमाडाकडेच पाहतो. ज्यांची शेते गेली ते आपलेच शेजारी, काही तर आपलेच जुने कूळ-मालक, देवळाचे मानकरी. यात कोण बरोबर याचा निवाडा आम्ही इथे करत नाही. मात्र नळाखाली हंडा ठेवताना पलीकडची बाजू आपल्या घरांत निदान बोलली जावी, म्हणून हे लिहिले.

मंडलेश्वरला त्या दिवशी आमच्याबरोबरच्या एका आजींना लहानपणचे घर शोधायचे होते. गल्ली सापडली, देऊळ सापडले, घराच्या जागी दुकान होते. दुकानदाराने खुर्ची दिली, चहा मागवला. मागच्या अंगणातली विहीर अजून आहे, म्हणाला, पण झाकून टाकली आहे. आता नळाला नर्मदा येते. आजींनी ती विहीर पाहिली, फरशीवर हात ठेवला आणि मग आम्ही सगळे घाटावर गेलो.

मंडळाच्या कार्यालयात आता एक जाड वही ठेवली आहे. त्यात आपल्या घराचे निमाडातले गाव, गल्ली, देऊळ, शेत असल्यास त्याचे नाव, कोणत्या साली आणि कोणत्या वाटेने वर आलात, एवढे लिहावे. जुनी कागदपत्रे, मोडीतली असली तरी, दाखवायला आणावीत. मोडी वाचणारे दोघे आपल्यात आहेत. आणि ज्यांना स्वतः जायचे आहे त्यांनी दिवाळीनंतर जावे. पावसाळ्यात सहस्रधारेचे खडक पाण्याखाली असतात, आणि एप्रिलनंतर निमाडाचे ऊन इंदूरकरांना झेपत नाही.